कोरियन युद्ध : वर्षभराची लढाई, दोन वर्षांची बोलणी आणि कैद्यांचा प्रश्न

प्रकरण कशाबद्दल आहे

कोरियन युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी थांबले. या तीन वर्षांत आघाडीची रेषा खरोखर हलली ती पहिल्या वर्षातच. ती दक्षिणेत पुसानच्या वेशीपर्यंत गेली, उत्तरेत चीनच्या सीमेवरील यालू नदीला टेकली, पुन्हा सोलच्या खाली उतरली आणि अखेर ज्या ३८ व्या अक्षवृत्तावरून निघाली होती त्याच्याच आसपास येऊन थबकली. त्यानंतरची दोन वर्षे माणसे मरत राहिली आणि नकाशा जवळपास तोच राहिला.

ही दोन वर्षे कशापायी गेली, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. वाटाघाटीत सीमारेषेचा मुद्दा काही महिन्यांत सुटला. अडले ते युद्धकैद्यांवर. पकडलेल्या सैनिकाला आपल्या देशात परत जायचे नसेल, तर त्याला जबरदस्तीने पाठवायचे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात भारताचा मोठा वाटा होता. कैद्यांवर पहारा ठेवण्याचे अवघड काम भारतीय जवानांनी केले आणि त्या फौजेचे प्रमुख होते आपले कोल्हापूरचे शंकरराव थोरात, म्हणजेच मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मराठीत कोरियन युद्धावर फार कमी लिहिले गेले आहे आणि त्यातही हा भाग एखाद्या ओळीत उरकला जातो, याची खंत वाटते.

सार्वजनिक नोंदीतल्या व्यक्तींचीच नावे पुढे दिली आहेत. छावण्यांतले कैदी आणि इतर सामान्य माणसे निनावी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरणागतीच्या टोकाला आला तेव्हा सोव्हिएत फौजा उत्तरेकडून कोरियात शिरत होत्या आणि जवळची अमेरिकन फौज शेकडो मैल दूर होती. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना रातोरात एक रेषा सुचवायला सांगण्यात आली. समोर भिंतीवर लावायचा साधा नकाशा होता. त्यांनी ३८ वे अक्षवृत्त निवडले, कारण राजधानी सोल त्याच्या दक्षिणेला येत होती. जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे स्वीकारायची एवढ्यापुरतीच ती रेषा होती. कोरियन माणसाला कोणी विचारले नाही. शेतातून, गावांतून, एकाच कुटुंबाच्या जमिनीतून ती गेली.

तीन वर्षांत तिचे दोन देश झाले. संयुक्त राष्ट्रांनी निवडणुकांसाठी एक आयोग नेमला होता आणि त्याचे अध्यक्ष होते भारताचे के. पी. एस. मेनन. उत्तरेने त्या आयोगाला आत येऊ दिले नाही, म्हणून मे १९४८ मध्ये मतदान फक्त दक्षिणेत झाले. १५ ऑगस्टला सिंगमन ऱ्ही यांचे दक्षिण कोरिया आणि ९ सप्टेंबरला किम इल-सुंग यांचे उत्तर कोरिया जाहीर झाले. दोघेही स्वतःला अख्ख्या कोरियाचे सरकार म्हणवत आणि दोघांनाही बळाने एकीकरण करायचे होते. फरक होता तो कोणाच्या पाठीराख्याने किती शस्त्रे दिली याचा. सोव्हिएत संघाने उत्तरेला टी-३४ रणगाडे दिले. ऱ्ही उत्तरेवर चाल करून जातील अशी धास्ती असल्यामुळे अमेरिकेने दक्षिणेला रणगाडे दिलेच नाहीत आणि जून १९४९ मध्ये सल्लागार तेवढे मागे ठेवून आपले सैन्यही काढून घेतले.

किम यांनी स्टालिनकडे हल्ल्याची परवानगी अनेकदा मागितली होती. १९४९ मध्ये ती नाकारली गेली, १९५० च्या सुरुवातीला मिळाली. दरम्यान रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली होती, चीनमध्ये माओंचा विजय झाला होता आणि अमेरिकन सैन्य कोरियातून गेले होते. मात्र आधी माओंची संमती घ्या, अशी अट स्टालिनने घातली. आपले सैन्य यात उतरणार नाही याची काळजी त्याने अगदी सुरुवातीपासून घेतलेली दिसते.

युद्धाचे पहिले वर्ष

२५ जूनच्या रविवारी पहाटे हल्ला झाला आणि तीन दिवसांत सोल पडले. २८ तारखेच्या पहाटे दक्षिण कोरियाच्या सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला, तेव्हा त्यावर पळणारी माणसे होती. शेकडो मेली आणि दक्षिणेचे स्वतःचे कितीतरी सैन्य पलीकडेच अडकले.

सुरक्षा परिषदेत त्या वेळी सोव्हिएत प्रतिनिधी हजर नव्हता. चीनची जागा कम्युनिस्ट सरकारला मिळत नाही म्हणून जानेवारीपासून त्यांचा बहिष्कार सुरू होता. त्यामुळे नकाराधिकार वापरायला कोणी नव्हते आणि दक्षिणेच्या मदतीला जाण्याचा ठराव मंजूर झाला. जूनमध्ये परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे, बेनेगल नरसिंग राव यांच्याकडे होते. हल्ल्याचा निषेध करणाऱ्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. लढाऊ सैन्य मात्र पाठवले नाही. पाठवले ते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक, आणि ते अखेरपर्यंत तिथे राहिले.

ऑगस्टअखेर दक्षिणेकडे पुसान बंदराभोवतीचा एक कोपरा उरला होता. १५ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे अमेरिकन सेनापती डग्लस मॅकआर्थर यांनी सोलजवळच्या इंचॉनला समुद्रातून सैन्य उतरवले. तिथली भरती-ओहोटी जवळजवळ नऊ मीटरची आणि ओहोटीला मैलभर चिखल, त्यामुळे तिथे कोणी उतरेल असे शत्रूला वाटले नव्हते. उत्तरेच्या सैन्याची रसद तुटली आणि ते कोलमडले. सप्टेंबर संपता संपता सोल परत मिळाले. हल्ला परतवून लावणे हे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले उद्दिष्ट इथे पूर्ण झाले होते.

पहिला निर्णय : ऑक्टोबर १९५०

आता रेषेवर थांबायचे की पुढे जायचे? वॉशिंग्टनमध्ये यावर मतभेद होते. जॉर्ज केनन यांच्यासारखे जाणकार रेषा ओलांडू नये म्हणत होते. दुसरी बाजू म्हणत होती की पराभूत सैन्याला रेषेपलीकडे सोडून दिले तर ते सावरून पुन्हा येईल, आणि कोरिया एक करण्याची संधी परत मिळणार नाही. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. तिसरा मार्गही होता. द्वीपकल्प जिथे अरुंद होतो त्या प्योंगयांग-वोनसान पट्ट्यात थांबावे, म्हणजे यालू नदी आणि चीनची सीमा दूर राहील. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने तटस्थ पट्टा ठेवण्याची अशी सूचना मांडली, पण तोवर सैन्य पुढे निघून गेले होते.

याच दिवसांत एक इशारा भारतामार्फत आला. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतले. दक्षिण कोरियाचे सैन्य रेषा ओलांडते आहे त्याची फिकीर नाही, पण अमेरिकन सैन्याने ओलांडली तर चीन युद्धात उतरेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पेकिंग (आजचे बीजिंग) आणि वॉशिंग्टन यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते, म्हणून हा वळसा. निरोप पोचला, पण त्यावर विश्वास बसला नाही. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, असे अमेरिकेचे मत होते आणि परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी ती पोकळ धमकी मानली. ७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पुढे जाण्याला मोकळीक देणारा ठराव केला. भारताने त्याला पाठिंबा दिला नाही.

१९ ऑक्टोबरला उत्तरेची राजधानी प्योंगयांग पडली. त्याच दिवशी पेंग देहुआई यांच्या नेतृत्वाखालील चिनी सैन्य यालू ओलांडू लागले. ते रात्री चालत आणि दिवसा दडून राहत, त्यामुळे विमानांना दिसले नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिल्या चकमकी झाल्या आणि मग चिनी सैन्य मागे सरून दिसेनासे झाले. माझ्या मते संपूर्ण युद्धातली सर्वांत मोठी चूक या मधल्या तीन आठवड्यांत झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इशाऱ्यावर विश्वास न ठेवण्याला निदान कारण देता येते. नोव्हेंबरमध्ये चिनी कैदी हातात होते, त्यांच्या तुकड्यांची नावे कळली होती, तरीही २४ नोव्हेंबरला मॅकआर्थर यांनी युद्ध संपवण्याची म्हणून शेवटची चढाई सुरू केली. दुसऱ्याच दिवशी चिनी हल्ला कोसळला. डिसेंबरअखेर उत्तर कोरिया पूर्ण रिकामा करावा लागला. हुंगनाम बंदरातून सैन्याबरोबर सुमारे एक लाख नागरिकही जहाजांतून दक्षिणेत आले. भारतीय वैद्यकीय पथक तेव्हा प्योंगयांगला होते. वाहने नव्हती, तेव्हा जवानांनी एक जुने वाफेचे इंजिन चालू केले आणि रुग्णालयाचे सामान त्यावर लादून माघार घेतली.

दुसरा निर्णय : जानेवारी १९५१

४ जानेवारी १९५१ ला सोल दुसऱ्यांदा पडले आणि आता थांबायचे की नाही हा प्रश्न चीनसमोर आला. भारताचे बेनेगल नरसिंग राव, कॅनडाचे लेस्टर पिअर्सन आणि इराणचे नसरुल्ला एन्तेझाम यांच्या समितीने युद्धविरामाची तत्त्वे मांडली होती. पुढे तैवान आणि चीनच्या प्रतिनिधित्वावर बोलण्याची दारेही त्यात उघडी होती. चीनच्या दृष्टीने ही फार चांगली संधी होती. चीनने १७ जानेवारीला ती नाकारली.

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने जे केले तेच जानेवारीत चीनने केले. हातात सोल होते, समोरचे सैन्य पळत होते, मग आत्ताच का थांबायचे? चार-पाच महिन्यांत याचे उत्तर मिळाले. अमेरिकन सेनानी मॅथ्यू रिजवे यांनी सैन्य सावरले, मार्चमध्ये सोल परत घेतले आणि चीनचे एप्रिल-मेमधले मोठे हल्ले प्रचंड नुकसानीसह मोडले. नऊ महिन्यांत सोलचा ताबा चार वेळा बदलला होता. युद्ध चीनपर्यंत वाढवावे असे उघडपणे म्हणणाऱ्या मॅकआर्थर यांना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ११ एप्रिलला पदावरून काढले. १० जुलै १९५१ ला केसाँगमध्ये बोलणी सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती पानमुनजोमला हलली. नोव्हेंबरअखेर सीमारेषेवर तत्त्वतः एकमतही झाले.

मुख्य पेच : परत जायचे नसेल तर?

डिसेंबर १९५१ मध्ये दोन्ही बाजूंनी कैद्यांच्या याद्या दिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या कमांडकडे, म्हणजे अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजेकडे, सुमारे १ लाख ३२ हजार कैदी होते. समोरच्यांनी दिलेली यादी ११,५५९ जणांची होती. दक्षिण कोरियाचे बेपत्ता सैनिक याच्या कितीतरी पट होते. त्यांतल्या अनेकांना उत्तरेने परस्पर आपल्या सैन्यात घेतले होते.

१९४९ च्या जिनिव्हा कराराचे कलम ११८ सरळ होते. प्रत्यक्ष लढाई संपली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचे. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरी जायला आतुर असलेला कैदी होता. घरी जायला घाबरणारा कैदी त्यांनी गृहीतच धरला नव्हता.

कोरियात असे कैदी हजारोंनी होते. उत्तरेच्या सैन्यातले बरेचजण मूळचे दक्षिणेतले, सोल हातात असताना सक्तीने भरती केलेले. चिनी कैद्यांतले कित्येक पूर्वी चँग कै-शेक (कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेले चिनी नेते) यांच्या सैन्यात होते, यादवी युद्ध हरल्यावर त्यांना नव्या सैन्यात सामावून घेतले गेले होते. परत गेल्यावर आपले काय होईल याची भीती खरी होती. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी लाखो सोव्हिएत कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवले गेले होते आणि त्यांतले अनेक छळछावण्यांत गेले होते. ती आठवण ताजी होती.

समोरचे पर्याय

सगळ्यांच्या बदल्यात सगळे, हा कराराच्या शब्दांप्रमाणे जाणारा मार्ग होता. तो घेतला असता तर १९५२ च्या वसंतात युद्ध थांबण्याची शक्यता होती आणि शत्रूच्या ताब्यातले आपले कैदीही लवकर सुटले असते. अमेरिकन लष्करातले अनेक अधिकारी याच बाजूचे होते. दुसरा मार्ग होता तो ज्याला जायचे असेल त्यालाच पाठवण्याचा. ट्रुमन यांनी तो धरला. यात माणुसकीही होती आणि शीतयुद्धातला प्रचारही. हजारो सैनिकांनी कम्युनिस्ट देशात परत जायला नकार दिला, याहून मोठा विजय रणांगणावर मिळणार नव्हता. दोन्ही हेतू खरे होते, एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही. तिसरा मार्ग होता की वादग्रस्त कैदी तटस्थ देशाच्या ताब्यात द्यावेत आणि तिथे त्यांना विचारावे. १९५२ च्या सुरुवातीला या मार्गाला कोणी गांभीर्याने घेतले नाही.

काय केले गेले

तत्त्व ठरले, पण त्याची अंमलबजावणी ज्या छावण्यांत व्हायची होती त्यांच्यावर ताबा कोणाचा होता? दक्षिणेकडच्या कोजे बेटावर दीड लाखाच्या आसपास माणसे काटेरी कुंपणात होती. पहारेकरी कुंपणाबाहेर उभे असत, आत राज्य कैद्यांच्या टोळ्यांचे होते. काही आवारे कट्टर कम्युनिस्टांच्या ताब्यात, तिथे फितूर ठरवलेल्यांना रात्री मारून टाकले जाई. काही आवारे कम्युनिस्टविरोधकांच्या ताब्यात, तिथे परत जाण्याची इच्छा दाखवणाऱ्याला बडवले जाई आणि अंगावर घोषणा गोंदवल्या जात. कम्युनिस्टविरोधी घोषणा अंगावर असलेला माणूस चीनला परत कसा जाणार? त्या गोंदणाने त्याचा निर्णय त्याच्यासाठी घेऊन टाकलेला असे.

एप्रिल १९५२ मध्ये अशा ठिकाणी कैद्यांना एकेक करून विचारण्यात आले. त्याआधी कमांडने समोरच्यांना साधारण १ लाख १६ हजार परत येतील असा अंदाज दिला होता. चौकशीनंतर आकडा आला सुमारे ७० हजार. चिनी आणि उत्तर कोरियन प्रतिनिधींनी याला फसवणूक म्हटले आणि बोलणी कोसळली. मे महिन्यात कोजेच्या कैद्यांनी छावणीप्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडून ओलीस ठेवले, तेव्हा छावण्यांची अवस्था जगासमोर आली.

यानंतर वर्षभर टेकड्यांसाठी लढाया आणि उत्तरेतल्या शहरांवर, वीजकेंद्रांवर, पुढे धरणांवर बॉम्बफेक असे चालू राहिले. उत्तरेत उभी इमारत शोधावी लागेल अशी स्थिती होती. त्याच वेळी स्टालिन चीनला घाई करू नका असे सांगत होता, कारण या युद्धात अमेरिका अडकून पडली होती.

डिसेंबर १९५२ मध्ये भारताच्या व्ही. के. कृष्ण मेनन यांनी मांडलेला तोडगा आमसभेने ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवावेत, कोणावरही जबरदस्ती करू नये, ज्याच्या-त्याच्या देशाच्या प्रतिनिधींना त्यांच्याशी बोलू द्यावे, असा तो होता. सोव्हिएत गटाने तो झिडकारला, चीननेही नाकारला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि महिन्याअखेर चाऊ एन-लाय यांनी जे सुचवले ते याच्याच जवळ जाणारे होते. ८ जूनला कैद्यांबाबत करार झाला. दहा दिवसांनी सिंगमन ऱ्ही यांनी छावण्यांची दारे उघडून सुमारे २७ हजार कम्युनिस्टविरोधी कोरियन कैदी परस्पर सोडून दिले. त्यांना देश अर्धा ठेवून होणारी तडजोडच नको होती. अमेरिकेने संरक्षण कराराचे वचन देऊन त्यांना कसेबसे गप्प केले आणि २७ जुलैला पानमुनजोममध्ये सह्या झाल्या. दक्षिण कोरियाने सही केली नाही.

भारतीय पहारा

ज्यांना परत जायचे होते असे सुमारे ७५ हजार कैदी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तरेकडे गेले. नकार देणारे २२,६०४ उरले, त्यांत १४,७०४ चिनी. समोरच्या बाजूला असे ३५९ होते, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. हे सगळे पाच राष्ट्रांच्या आयोगाच्या हवाली झाले. अध्यक्ष जनरल के. एस. थिमय्या, बाकीचे सदस्य स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. पहारा फक्त भारताचा, आणि त्या फौजेची सूत्रे थोरातांकडे.

ऱ्ही यांनी भारतीय जवानांचा पाय आपल्या जमिनीला लागू देणार नाही असे जाहीर केले होते. म्हणून इंचॉनला जहाजातून उतरलेल्या आपल्या हजारो जवानांना हेलिकॉप्टरने थेट लष्करमुक्त पट्ट्यात नेण्यात आले. तिथे त्यांनी आपल्या तळाला हिंद नगर नाव दिले. काही हजार जवान, त्यांच्या चौपट कैदी, पलीकडून धमक्या देणारे दक्षिणेचे सरकार आणि शक्य तितके कमी बळ वापरण्याची सूचना, अशी ती परिस्थिती.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आवारात डांबले. बळ वापरले असते तर त्यांचा जीव गेला असता आणि दंगल सगळीकडे पसरली असती. थोरात स्वतः मोजक्या साथीदारांसह निःशस्त्र आत गेले, कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि अधिकाऱ्याला घेऊन बाहेर आले. त्यांच्या निर्णयाचे कौतुक धाडसासाठी होते. मला त्यातला विचार अधिक मोलाचा वाटतो. कैद्यांना पेटवायला निमित्त हवे होते आणि थोरातांनी ते दिले नाही. सगळीकडे हे जमले नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंपणावर चालून आलेल्या कैद्यांवर गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले.

समजावणीचे काम नव्वद दिवस चालायचे होते. कैद्याला एका तंबूत आणायचे, त्याच्या देशाचा प्रतिनिधी त्याच्याशी बोलणार, मग त्याने ठरवायचे. अनेक आवारे बाहेरच पडेनात. जे आले त्यांतले बरेच आरडाओरडा करत, खुर्च्या भिरकावत. चिनी प्रतिनिधी एकेका कैद्यावर तासन्‌तास घालवत. प्रत्यक्ष काम मोजक्याच दिवशी झाले आणि बहुसंख्य कैद्यांना शेवटपर्यंत कोणी एकांतात विचारलेच नाही.

जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपत आली तेव्हा थिमय्या यांच्यासमोर अवघड निर्णय होता. कैद्यांना आपणच मुक्त नागरिक घोषित करावे, तर एक बाजू करारभंग म्हणणार. पुढची राजकीय परिषद होईपर्यंत धरून ठेवावे, तर परिषदेचा पत्ता नाही आणि हजारो कैदी कुंपण तोडून निघाले तर भारतीय जवानांना त्यांच्यावर गोळ्या झाडाव्या लागणार. तिसरी वाट होती ती कैद्यांच्या दर्जाबद्दल काही न बोलता ज्याने सोपवले त्याच्याकडे परत देण्याची. थिमय्या यांनी ती घेतली. दोन्ही बाजूंनी टीका झाली. पण त्या परिस्थितीत भारताच्या हातून रक्तपात टाळणारा मार्ग हाच होता.

परिणाम

२२,६०४ पैकी सहाशेहून थोड्या अधिक कैद्यांनी मायदेशी परतणे निवडले. १४ हजारांहून अधिक चिनी तैवानला गेले. २१ अमेरिकन आणि एक ब्रिटिश कैदी पलीकडेच राहिले. नव्वदीच्या आसपास कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतीय फौजेबरोबर आपल्याकडे आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले.

सीमारेषा पूर्वीपेक्षा थोडी तिरकी झाली. केसाँग उत्तरेकडे गेले, पूर्वेकडचा डोंगराळ भाग दक्षिणेकडे आला. तिच्याभोवती चार किलोमीटर रुंदीचा लष्करमुक्त पट्टा आखला गेला. सैनिक आणि नागरिक मिळून वीस ते तीस लाख माणसे मेली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. अमेरिकेच्या मृत आणि जखमी सैनिकांपैकी निम्म्याच्या जवळपास बोलणी सुरू झाल्यानंतरचे होते. तह आजही झालेला नाही. तुटलेल्या कुटुंबांचे काय झाले हे १९८३ मध्ये दिसले. दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीने हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणारा कार्यक्रम सुरू केला आणि तो महिनोन्‌महिने चालला. त्यातून दहा हजारांहून अधिक कुटुंबे एकत्र आली आणि हे सगळे रेषेच्या एकाच बाजूचे लोक होते.

वेगळे काय करता आले असते

ऑक्टोबर १९५० आणि जानेवारी १९५१ या दोन निर्णयांबद्दल वर लिहिलेच आहे. दोन्ही वेळा सरशी असलेल्या बाजूकडे थांबण्याचा पर्याय होता आणि दोन्ही वेळा तो सुचवणाऱ्यांत भारत होता. निरोप आणणाऱ्याबद्दल संशय असेल तर निरोप दुसऱ्या मार्गाने पडताळता येतो. तो पडताळायला ऑक्टोबर ते नोव्हेंबर एवढा वेळ होता.

कैद्यांबाबत माझे मत असे आहे की ट्रुमन यांचे तत्त्व बरोबर होते आणि क्रम चुकला. आधी जबरदस्ती नाही हे जाहीर केले, मग टोळ्यांच्या ताब्यातल्या आवारांत प्रश्न विचारला आणि आलेला आकडा जगासमोर ठेवून त्याला चिकटून राहिले. एकदा आकडा जाहीर झाल्यावर कोणतीही बाजू मागे सरू शकत नव्हती. तटस्थ ताबा १९५३ च्या सप्टेंबरऐवजी १९५२ च्या सुरुवातीला, चौकशीच्या आधी आला असता, आवारे लहान करून टोळ्या फोडल्या असत्या, तर मिळालेले उत्तर कैद्याचे स्वतःचे असते. आपल्या जवानांच्या हाती कैदी आले तोवर या टोळ्यांना दोन-अडीच वर्षे मुरायला मिळाली होती. थोरात आणि थिमय्या यांनी कितीही कौशल्य दाखवले तरी नव्वद दिवसांत ते उलटवणे शक्य नव्हते. आयोगातल्या भारत, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सदस्यांनी तसे नोंदवलेही.

यावर रास्त आक्षेप आहे की १९५२ मध्ये स्टालिनने असा तोडगा मान्य केला नसता. कृष्ण मेनन यांचा ठराव त्याच्या गटाने धुडकावला हे खरेच आहे. पण कमांडला आपल्या ताब्यातल्या छावण्या तटस्थ निरीक्षकांना उघडून देण्यासाठी स्टालिनच्या संमतीची गरज नव्हती. युद्ध कदाचित तेवढेच लांबले असते, पण बोलणी ज्या आकड्यावर मोडली तो आकडा वादातीत असता.

आणखी एक उणीव करारातच राहिली. आयोगाचा अधिकार फक्त त्याच्याकडे सोपवलेल्या कैद्यांपुरता होता. उत्तरेने जे दक्षिण कोरियन कैदी यादीतच दाखवले नाहीत त्यांची चौकशी करायला कोणालाच वाट नव्हती. १९५३ मध्ये दक्षिणेचे सुमारे आठ हजार सैनिक परत आले, हजारो तिकडेच राहिले आणि त्यांतल्या अनेकांनी पुढची दशके खाणींत काम केले. १९९४ मध्ये असा एक अधिकारी निसटून दक्षिणेत पोचला आणि त्यानंतर आणखी काही डझन माणसे म्हातारपणी तशीच परतली. परत यायचे आहे का, हे त्यांना चाळीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. यादी पडताळण्याचा अधिकार तटस्थ आयोगाला देण्याचा आग्रह पानमुनजोममध्ये शेवटपर्यंत धरायला हवा होता.